क्रम लावण्याची नीती

अमूर्त गणिताला नीती-अनीतीशी काय देणंघेणं? संख्याशास्त्रज्ञ रोझमेरी बेली यांनी ऑक्सफर्डला ग्रुप थिअरी या अमूर्त शाखेत डॉक्टरेट केली, मग त्या प्रयोगांच्या आखणीकडे वळल्या; आधी रोथॅमस्टेड या शेतीसंशोधन केंद्राची शेतं, पुढे औषधचाचण्या.

मार्च २००६, लंडन. टीजीएन१४१२ या औषधाची माणसांवरची पहिलीच चाचणी. आठ धडधाकट स्वयंसेवकांपैकी सहांना ते काही मिनिटांच्या अंतरानं टोचलं गेलं. पहिल्याचं काय होतंय हे पाहायला कुणी थांबलंच नाही! सहाही जण अतिदक्षता विभागात पोचले, नशिबानं वाचले.

या घटनेनंतर रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं नेमलेल्या अभ्यासगटात बेलीही होत्या. दोन स्वयंसेवकांमध्ये पुरेसं अंतर हवं, असं २००७च्या अहवालानं बजावलं. कुणाला, कधी, किती, हा क्रम ठरवणारा केवळ हिशेब करत नाही. दुसऱ्याच्या जिवाची जोखीमही तोच ठरवतो.