वतन आणि पितळ

आईच्या पश्चात तिचे पेन्सिलीच्या खुणांनी भरलेले पवित्र शास्त्र माझ्याकडे आले. धाकट्या बहिणीने ते मागितले, तेव्हा मी नकार दिला. वडिलोपार्जित वस्तूवरील माया पाप आहे काय?

नाबोथाने पूर्वजांचा द्राक्षमळा अहाब राजाला दिला नाही आणि त्यापायी तो प्राणास मुकला (१ राजे २१). उलट, मोशेने केलेला पितळी सर्प हिज्कीया राजाने फोडून टाकला. कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते (२ राजे १८:४). दोन्ही वस्तू वाडवडिलांच्याच. मग भेद कशात?

भूमी परमेश्वराची, असे नियमशास्त्र सांगते (लेवीय २५:२३). म्हणून मळा ही नाबोथाकडे सोपवलेली, पुढील पिढीला द्यावयाची ठेव होती. मराठी शास्त्रात तिला ‘वतन’ म्हटले आहे. सर्प मात्र तारणाऱ्या देवाची आठवण देईनासा झाला आणि स्वतःच पूज्य ठरला.

माझ्या कपाटातील तो ग्रंथ दोन वर्षांत मी एकदाही उघडला नव्हता. गेल्या महिन्यात तो बहिणीस नेऊन दिला. आईच्या खुणांवरून बोट फिरवीत ती आता रोज वाचते.

प्रिय वाचकहो, आपल्या कपाटात काय आहे, वतन की पितळ?