हुशारीतले लोह

दहावीचा निकाल लागला की यशाचे रहस्य सांगणारी व्याख्याने सुरू होतात. पहाटे पाचला उठा, मोबाइल दूर ठेवा, ध्यान करा, मेंदू तल्लख राखा. करिअर म्हणजे चांगल्या सवयींची बेरीज. यातला शरीरशास्त्राचा भाग खराच आहे. झोपेत स्मरण पक्के होते, व्यायाम मेंदूला मानवतो. खटकते ते यामागचे गृहीतक, की सवय ही ज्याची त्याची खासगी मालमत्ता असते. पैठण तालुक्यातल्या पाचोड परिसरात कापसाच्या वेचणीला जाणाऱ्या घरातली मुलगी किती वाजता झोपते, शेवटी उरलेल्यातले काय जेवते आणि शाळा कधी सोडते, हे ती ठरवत नाही. घर ठरवते. म्हणून मेंदूच्या आरोग्याचा हिशेब व्यक्तीपाशी नव्हे, घरापाशी मांडायला हवा.

लोहाचेच घ्या. ते रक्तातून प्राणवायू पोचवते हे सगळे जाणतात. पण डोपामिनसारखी रसायने तयार होण्यात आणि चेतातंतूंवरचे आवरण घडण्यातही त्याचा वाटा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. सगळा रक्तक्षय लोहाअभावीच होतो असे नाही, पण मोठे कारण तेच. याचा बुद्धीशी संबंध काय, याचे एक उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. ग्रामीण भागातल्या १२ ते १६ वयाच्या शाळकरी मुलामुलींचे दोन गट करून एकाला सहा महिने लोह जास्त असलेल्या बाजरीची भाकरी आणि शेव दिली, दुसऱ्याला साध्या बाजरीची. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पहिल्या गटाचे अवधान आणि स्मरण अधिक सुधारलेले दिसले. त्यासाठी कुणाला पहाटे पाचला उठवावे लागले नव्हते!

यावर म्हणता येईल की अवधान-स्मरणाच्या चाचणीतली सुधारणा म्हणजे नोकरीतली बढती नव्हे. मान्य, भाकरीपासून पगारापर्यंतचा दुवा या प्रयोगाने दाखवलेला नाही. पण गणिताच्या तासाला लक्ष टिकत नसेल तर पुढची दारे लवकरच मिटू लागतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कंदिलाखाली शिकून मोठी झालेली माणसे आपल्याकडे कमी आहेत का? नाहीत. मात्र जी पोचली त्यांचीच चरित्रे लिहिली जातात. गळालेल्यांची मोजदाद कुणी करत नाही. शिवाय जिद्दसुद्धा मेंदूतच राहते. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरच्या २०१३ सालच्या अभ्यासात तेच शेतकरी सुगीआधीच्या ओढगस्तीत बौद्धिक चाचण्यांत मागे पडले आणि पैसा हाती आल्यावर सावरले. माणूस तोच होता, चिंता तेवढी हलकी झाली होती.

घराची सवय बदलता येते, याचा दाखला पाचोडनेच दिला आहे. डॉ. अशोक दयालचंद यांच्या नेतृत्वाखालील ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड’ या संस्थेने अविवाहित किशोरींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्य वर्ग सुरू केला. संध्याकाळी तासभर, शिकवणाऱ्या बाया गावातल्याच, आणि अभ्यासक्रम ठरवताना पालकांनाही विचारलेले. मूल्यमापनात मुलींच्या लग्नाचे वय पुढे गेल्याचे दिसले. वरवर पाहता याचा मेंदूशी संबंध नाही. पण स्मृतिभ्रंशावरच्या ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगे जे १४ धोके नोंदवले, त्यांत बालपणातले अपुरे शिक्षण आहे. पुढे ढकललेल्या लग्नाने शाळेची वर्षे वाढली, तर ती साठीनंतरही उपयोगी पडतात. ‘स्वतःला घडवा’ म्हणणाऱ्या व्याख्यात्यांच्या यादीत लग्नाचे वय मात्र नसते.

मग व्यक्तीने काहीच करायचे नाही का? करावे, आणि त्यातले बरेच स्वस्त आहे. जेवणासोबत घेतलेला चहा अन्नातले लोह नीट शोषू देत नाही; लिंबू त्याला मदत करते. पाचोडच्या बाजारात मोसंबीचे ढीग लागतात, त्यातले एखादे फळ घरच्या मुलीच्या ताटातही पडावे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पोट बिघडते म्हणून गुपचूप फेकली जाते. ती जेवणानंतर घ्यावी, एवढे तरी वर्गात कुणी सांगावे. मुख्याध्यापकांना विनंती एवढीच, की दहावीच्या गुणवंतांचा सत्कार जरूर करा, पण त्याआधी आठवीच्या मुलींचे हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि तो आकडा त्यांच्या आईवडिलांना समजावून सांगा.