धक्क्याचा धनी

लाकडी रोलर कोस्टरच्या चाहत्यांमध्ये एक वाद कित्येक वर्षे चालू आहे आणि तो मिटण्याची चिन्हे नाहीत. एक पक्ष म्हणतो, अमुक कोस्टर आता फार आदळतो, हाडे खिळखिळी करतो. त्याचे रूळ बदला, नाहीतर तो पाडून टाका. दुसरा पक्ष म्हणतो, लाकडी कोस्टर आदळायचाच. ज्यांना गादी हवी त्यांनी घरी बसावे. बाहेरच्या माणसाला हे सगळे पोरकट वाटेल. पैसे मोजून, रांगेत तासभर तिष्ठून, दीडशे फुटांवरून स्वतःला खाली फेकून घ्यायला आलेला माणूस पाठ दुखल्याची तक्रार करतो, यात विनोद आहेच. पण वाद जरा लक्ष देऊन ऐकला तर त्यात एक जुना आणि अवघड प्रश्न सापडतो. स्वखुशीने पत्करलेल्या त्रासातला कोणता भाग आपण खरोखर पत्करलेला असतो आणि कोणता आपल्यावर नुसताच येऊन पडतो?

हा वाद मुख्यतः अमेरिकेतला, कारण लाकडी कोस्टरची मोठी परंपरा तिथली. १९७८ साली तिथे ‘अमेरिकन कोस्टर एन्थुझिअस्ट्स’ ही चाहत्यांची संघटना स्थापन झाली. ही मंडळी म्हणजे जत्रेत सहज पाळण्यात बसणारी माणसे नव्हेत. कोणत्या डब्यातले कोणते आसन चाकाच्या बरोबर वर येते, सकाळच्या गारव्यापेक्षा दुपारी वंगण सैल झाल्यावर गाडी किती जोरात धावते, हे त्यांना तोंडपाठ असते. एस.टी.त चाकावरची सीट टाळणाऱ्या आपल्याकडच्या प्रवाशाला ही विद्या नवी वाटायची नाही.

लाकडी कोस्टरचा रूळ म्हणजे एकावर एक खिळवलेले फळ्यांचे थर आणि त्यांच्यावर पोलादाची सपाट पट्टी. चाके त्या पट्टीवर धावतात. रूळ आणि चाके यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते, म्हणून गाडी डावीउजवीकडे किंचित हेलकावते. लाकूड ऊनपावसाने फुगते, आकसते. उताराच्या तळाशी, जिथे गाडीचा भार सर्वांत जास्त पडतो, तिथे फळ्या दबतात आणि खड्डा पडू लागतो. एकदा पडला की प्रत्येक फेरी त्याला आणखी खोल करते. आपल्या रस्त्यांचा पावसाळी अनुभव याहून वेगळा नाही. म्हणून रोज सकाळी, उद्यान उघडण्यापूर्वी, कुणीतरी रुळावरून पायी फिरून तपासणी करतो, आणि हिवाळ्यात उद्यान बंद असताना सुतार झिजलेले थर काढून नवे बसवतात. हे काम खर्चाचे आणि बाहेरून न दिसणारे. नवा कोस्टर उभारला की जाहिरातीचे फलक लागतात. फळ्या बदलल्याचा फलक कोण लावणार?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. शरीराला सोसवेल की नाही हे जोर किती आहे एवढ्यावर ठरत नाही. तो किती अचानक येतो यावर पुष्कळ अवलंबून असते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ साली ‘फ्लिप फ्लॅप रेल्वे’ सुरू झाली. तिचा उभा वेढा पूर्ण गोल होता. सपाट रुळावरून त्या वर्तुळात शिरताक्षणी सगळा भार एकदम अंगावर येई आणि माना लचकत. असे वेढे मागे पडले. उभा वेढा खऱ्या अर्थाने परतला तो १९७६ साली, कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन उद्यानातल्या ‘रिव्होल्यूशन’मध्ये. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल यांनी त्याची वक्रता हळूहळू वाढत जाईल अशी आखणी केली होती. माणूस उलटा होतोच, पोटात गोळा येतोच, मान मात्र शाबूत राहते. भीती वाढवायची तर इजाही थोडी वाढणारच, हा समज तिथेच खोटा ठरतो.

आपल्या काव्यशास्त्राने हा प्रश्न रंगमंचाच्या संदर्भात फार पूर्वी हाताळला. भरताने भयानकाला रसांत स्थान दिले, आणि भीतीचा आस्वाद कसा घेता येतो यावर नंतरच्या आचार्यांनी भरपूर काथ्याकूट केला. ढोबळ उत्तर असे, की रंगमंचावरची भीती ‘माझी’ नसते. माझ्या प्राणाशी, माझ्या नफ्यातोट्याशी ती बांधलेली नसते. नाटकातला खून आपण रंगून पाहतो. त्याच वेळी वरचा दिवा निखळून खांद्यावर पडला तर रस तिथेच संपतो आणि उरतो तो खांदा. कोस्टरवर अडचण अशी, की प्रेक्षक आणि रंगमंच दोन्ही एकाच देहात. फ्रेंच विचारवंत रॉजर कायवा यांनी १९५८ सालच्या आपल्या पुस्तकात खेळांचे चार प्रकार केले, त्यांत गरगरण्याच्या, तोल घालवण्याच्या खेळांना स्वतंत्र जागा दिली. अशा खेळात अंतर राखायला फार थोडी मोकळीक असते. खड्डा नेमकी तेवढीच खाऊन टाकतो. उतारावर मी ‘पडतो आहे’ असे खेळत असतो. खड्ड्यात माझा मणका काही खेळत नसतो.

ओहायो राज्यातल्या सीडर पॉइंट उद्यानाची गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. १९९१ साली तिथे ‘मीन स्ट्रीक’ हा १६१ फूट उंचीचा लाकडी कोस्टर उभा राहिला. तो आदळतो ही तक्रार वाढत गेली. पहिल्याच उतारावर वेग आवरणारे ब्रेक बसवले गेले, आणि मग तो धड थरारक राहिला नाही, धड सुखकरही झाला नाही. २०१६ मध्ये तो बंद झाला. रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कंपनीने त्याच्या लाकडी सांगाड्याचा बराच भाग ठेवून वर पोलादी रूळ चढवला आणि २०१८ मध्ये ‘स्टील व्हेंजन्स’ या नावाने तो पुन्हा सुरू झाला. उंची आता २०५ फूट, पहिला उतार सरळ खाली, वाटेत गाडी चार वेळा उलटी होते. लोकांनी तो डोक्यावर घेतला. तक्रार करणाऱ्यांना नाजूक म्हणून हिणवणाऱ्यांनी यावर थोडा विचार करायला हरकत नाही. त्या नाजूक लोकांना पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त भीती हवी होती. फक्त त्या धक्क्याला कुणीतरी धनी हवा होता.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे मात्र एवढ्याने खोडता येत नाही. कोनी आयलंडचा ‘सायक्लोन’ १९२७पासून उभा आहे. १९८८ मध्ये न्यूयॉर्क शहराने त्याला वारसावास्तूचा दर्जा दिला. त्यात बसून काही जाणवलेच नाही, तर जतन कशाचे केले? लाकडाची करकर, सांगाड्याचे डुलणे, वळणावर शेजाऱ्याच्या अंगावर रेलणे, मांडीवरच्या दांड्याखाली उरलेली चार बोटांची मोकळीक, हे सगळे घासूनपुसून गुळगुळीत केले तर सगळेच कोस्टर एका साच्यातले होतील. हे मला पटते. पण या मंडळींच्या तोंडी ‘कॅरेक्टर’ हा शब्द सारखा येतो, आणि तिथे मी थबकतो. डुलणे हा लाकडाचा स्वभाव. तळाशी पडलेला खड्डा ही उधारी आहे. न केलेल्या दुरुस्तीचे पैसे प्रवाशाच्या पाठीवरून वसूल होत असतात. सोसलेल्याला सोसण्याचा अभिमान वाटू लागतो, आणि मग सोसणे हाच त्या गोष्टीचा गाभा आहे असे तो इतरांना सांगू लागतो. ‘आम्हीही मास्तरांचा मार खाल्ला, काय बिघडलं आमचं?’ हे वाक्य ज्या घरातले, त्याच घरातले हेही.

मग मुद्दाम दिलेला धक्का चांगला आणि हेळसांडीतून बसलेला वाईट, एवढ्यावर भागेल का? भागत नाही. कॅनडातल्या क्रिस्टल बीच उद्यानात १९२७ साली हॅरी ट्रॅव्हर यांनी दुसरा एक ‘सायक्लोन’ बांधला. तो मुद्दामच क्रूर होता: सरळ रूळ जवळजवळ नाहीच, एक हिसका संपण्याआधी उलट्या दिशेचा दुसरा. फलाटावर एक परिचारिका नेमलेली असे. परिचारिका नेमणे म्हणजे पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असणे. ट्रॅव्हर यांच्या त्या कोस्टरच्या प्रकाराचे नाव काय, तर ‘जायंट सेफ्टी कोस्टर’! धनी होता, आखणीही होती. बसणाऱ्याच्या देहाला त्या आखणीत जागा नव्हती.

ओहायोतल्याच किंग्ज आयलंडवरच्या ‘सन ऑफ बीस्ट’मागे असा क्रूर हेतू नव्हता. २००० साली सुरू झालेला हा लाकडी कोस्टर २१८ फूट उंच होता आणि त्याला चक्क उभा वेढा होता. तो आदळतो, असे लोक पहिल्यापासून म्हणत. ९ जुलै २००६ रोजी सांगाड्यातले लाकूड निकामी होऊन रुळात खोलगट भाग तयार झाला, गाडी त्यावरून गेली आणि दोन डझनांहून अधिक माणसे जखमी झाली. नंतर वेढा काढला, हलक्या गाड्या आणल्या; तरी २००९ मध्ये तो बंद झाला आणि २०१२ मध्ये पाडला गेला. प्रवाशाची मान दुखते तेव्हा कधीकधी रूळच बोलत असतो. ‘लाकडी आहे, आदळणारच’ हे उत्तर एकदा ठरून गेले की ते ऐकायला कुणी उरत नाही.

राहता राहिली संमती. प्रवेशाजवळ पाटी असते: हृदयविकार, मानेचे किंवा पाठीचे दुखणे, गर्भारपण असेल तर बसू नये; उंची अमुक हवी. ही पाटी कोस्टर जसा आखला तसा गृहीत धरून लिहिलेली असते. या हंगामात तिसऱ्या उताराच्या तळाशी काय झाले आहे ते तिच्यावर नसते. हौशी माणसाला मात्र ते माहीत असते. तो चाकावरचे बाक टाळून मधल्या बाकावर बसतो, खड्डा जवळ आला की अंग सावरून धरतो, खांद्यावरून येणाऱ्या कडीचा कोस्टर असला तर डोके आपटू नये म्हणून मान पुढे घेतो. आदळण्याचे गुण गाणारा माणूस आदळणे कसे चुकवायचे तेही जाणतो. ते पुरते बसते सुट्टीत एकदाच आलेल्या कुटुंबातल्या बाईला. मुलाच्या हट्टापायी ती शेवटच्या डब्याच्या मागच्या बाकावर, चाकाच्या बरोबर वर बसलेली असते. उतरल्यावर मानेवर हात ठेवून ती म्हणते, ‘आपल्याला नाही बाई हे जमत’, आणि दोष स्वतःच्या वयाला देते.

किंग्ज आयलंडचा मूळ ‘बीस्ट’ १९७९पासून झाडीतून धावतो आहे; जगातला सर्वांत लांब लाकडी कोस्टर म्हणून तो ओळखला जातो. २०२२च्या हंगामाआधी त्याचा दोन हजार फुटांहून अधिक रूळ दुरुस्त केला गेला. लाकूड लाकूडच ठेवले. त्या फळ्याही काही वर्षांत दबतील.