बांधीवरची कॉलनी

भंडारा शहर नेमकं कुठे संपतं ते नगरपालिकेला ठाऊक. खात रोडने निघा, गणेशपूरकडे वळा किंवा नागपूरच्या वाटेला लागा. दुकानं विरळ होत जातात, झाडं दाटतात आणि पाट्यांवर ग्रामपंचायतीचं नाव दिसू लागतं. खोकरला, गणेशपूर, बेला. मास्तर, बँकेतले, निवृत्त झालेले, अशा आमच्यासारख्यांची वस्ती इथे वाढत गेली. कचेरी, कोर्ट, मोठा दवाखाना शहरात. घरपट्टी मात्र सरपंचाच्या दारी. पाहुण्यांनी विचारलं तर आम्ही ‘भंडाऱ्याला राहतो’ असं ठोकून देतो.

शांततेसाठी इथे आलो, असं सगळेच सांगतात. रोवणीच्या दिवसांत चिखलणीचे ट्रॅक्टर आणि रात्रभर बेडूक ऐकल्यावर ते जरा कमी सांगतात. एकांतही विसरायचा. फाटकापाशी अनोळखी गाडी थांबली, की संध्याकाळी कुणीतरी विचारणारच, ‘कोन आला होता जी तुमच्याकडं?’ मला सुरुवातीला याचा त्रास व्हायचा. आता घर बंद करून गावाला जाताना याच चौकशीच्या भरवशावर मी निश्चिंत जातो.

आमचा लेआऊट धानाच्या बांध्यांवर पडला आहे. बांधी म्हणजे मुळात पाणी अडवण्यासाठीच केलेली जमीन: चारी बाजूंनी धुरे, मधला तळ सपाट, आणि दरवर्षीच्या चिखलणीने खालची माती इतकी घट्ट, की पाणी झटकन मुरू नये. पिढ्यान्‌पिढ्या तिच्याकडून हेच करून घेतलं. मग एक दिवस ती अकृषक होते, मुरूम पडतो, चुन्याच्या रेघा ओढल्या जातात, कुठलंतरी ‘नगर’ जन्माला येतं. आणि जुलैत अंगणात घोटाभर पाणी साचलं, की आपण ग्रामपंचायतीच्या नावाने बोटं मोडतो. बांधी बिचारी तिचं काम करत असते. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचं पाणी गणेशपुरात आणि पलीकडे कारध्यात शिरलं, तेव्हा निचऱ्याचा विषय कुणालाच क्षुल्लक राहिला नाही. पण चार उन्हाळे गेले, की प्लॉटचा भावच तेवढा बोलण्यात उरतो.

झाडांचंही तसंच. बांधीतली झाडं धुऱ्यावर असतात. धुरा मोडला, की झाड गेलं. प्लॉटची हद्द धुऱ्याला धरून आली तरच ते वाचतं. आमच्या मागच्या गल्लीतला मोह असाच वाचला. चैत्राच्या तोंडी त्याची फुलं पहाटे गळतात. पूर्वी गावातल्या म्हाताऱ्या उजाडायच्या आत टोपली घेऊन यायच्या, फुलं वेचायच्या, जाताना दोन शब्द बोलून जायच्या. कंपाउंड झालं, फाटकाला कुलूप लागलं. आता फुलं फरशीवर पडून चिकटतात, आंबूस वास सुटतो, माश्या घोंगावतात, आणि घरमालक झाड तोडायची परवानगी कुठे मिळते ते विचारत फिरतात. कुलूप तासभर उघडं ठेवलं तर फरशी आपसूक साफ होईल, हे त्यांना कुणी सांगत नाही. मीही सांगितलेलं नाही. शेजार टिकवायचा आहे.

बेल्याचं मला म्हणून कौतुक वाटतं. शहराला चिकटलेलं, राष्ट्रीय महामार्गाच्या काठचं गाव. धूळ-धूर पाचवीला पुजलेला. त्या ग्रामपंचायतीला २०२४ च्या राष्ट्रीय पंचायत पुरस्कारांत ‘कार्बन न्यूट्रल’ विशेष पुरस्कार मिळाला. रोपं लावताना फोटो काढायला सगळेच येतात. पुढे ती मोठी होतात, तारांना भिडतात, गटारं पाल्याने तुंबवतात, खालच्या गाड्या पाखरं रंगवतात. ते सोसून झाडं राखणाऱ्या माणसांचं मोल मला जास्त वाटतं.

लेआऊट मोठा असेल तर नियमाप्रमाणे दहा टक्के जागा सामायिक म्हणून मोकळी सोडावी लागते. नकाशावर ती हिरवी रंगवलेली असते; जागेवर गाजरगवत, बंद पडलेली बोअर आणि कुणाच्या तरी बांधकामाची उरलेली गिट्टी. आमच्याकडे तिथे आता सभामंडप हवा, असा एक पक्ष आहे. दुसऱ्याला पेव्हर ब्लॉक आणि व्यायामाची यंत्रं हवीत. मी आंबा, जांभूळ आणि एक मोह सुचवला. मोहाचं नाव निघताच मागच्या गल्लीचे काका उठून उभे राहिले. आंबा-जांभळाला कुणी हरकत घेतली नाही, पण पाणी कोण घालणार यावर बैठक अडली आणि तहकूब झाली.