कानाला पापणी

देवानं माणसाचा चेहरा घडवताना डोळ्यांना पापण्या दिल्या, तोंडाला ओठ दिले, पण कानांपाशी येईतो त्याचं सामान संपलं असावं. नको ते दिसलं तर डोळे मिटता येतात. नको ते तोंडात आलं तर ओठ मिटता येतात. मिटणारे लोक थोडे, पण सोय आहे. कान मात्र जन्मापासून दारं सताड उघडी टाकून बसलेले. कुणीही यावं अन् खुशाल आत शिरावं.

हे ज्यांना पटत नसेल त्यांनी चार दिवस आमच्याकडे नवीन जालन्यात राहायला यावं. 'नवीन' या शब्दानं फसू नये. कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना अन् दुसऱ्या काठाला नवीन जालना, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या गल्लीतल्या भिंती पाहून कुणी तिला नवीन म्हणायला धजणार नाही. गाव व्यापाऱ्यांचं, बियाण्यांचं अन् लोखंडाचं. मोंढ्याकडे जाणारे टेंपो, सळयांचा खणखणाट करीत निघालेले ट्रक, भंगारवाल्याची आरोळी आणि हंगामात रोज एक वरात, असा आमचा दिनक्रम. 'जालना, सोने का पालना' ही म्हण जुनी आहे. ती रचणाऱ्याच्या मनात धातूचं सोनं होतं, झोपेचं नव्हे, हे आमच्या गल्लीत एक दुपार काढली की कळतं.

तेव्हा पुण्याहून दिवाळीला आलेल्या चिरंजीवांनी बिनवायरीची कानात घालायची ती दोन बोंडं माझ्या हातावर ठेवली, तेव्हा देवाची राहिलेली पापणी अखेर घरपोच आली असंच मला वाटलं. आमच्या हिनं मात्र डबी उघडून पाहिली आणि म्हणाली, "कापसाच्या मुलखात राहायचं अन् बोंडं विकत आणायची!"

चिरंजीव गेले. आता ही बोंडं लॅपटॉपला जोडून जुन्या बैठकींची ध्वनिमुद्रणं ऐकायची, असा माझा निवृत्तीचा बेत. लॅपटॉप उघडला, ब्लूटूथ चालू केलं. पडद्यावर बोंडांचं नाव आलं आणि त्याखाली 'पेअर्ड' असा निर्वाळाही आला. बोंडं कानात घातली. शांतता. लॅपटॉपवर बुवा हातवारे करताहेत, तबलजी मान डोलावतो आहे, आणि मला ऐकू येतोय तो भंगारवाला!

शेवटी शेजारचा पॉलिटेक्निकला जाणारा मुलगा बोलावला. त्यानं एका दृष्टिक्षेपात रोग ओळखला.

"काका, हे पेअर आहेत, पण कनेक्ट नाहीत."

"दोन्ही एकच ना रे?"

"नाही ना काका. पेअर म्हणजे एकदाची ओळख. दोघं एकमेकांची किल्ली लक्षात ठेवतात. ती ओळख राहते. पण रोजचं बोलणं म्हणजे कनेक्ट. तुमची बोंडं आत्ता मोबाइलशी बोलतायत, आतल्या खोलीत."

"म्हणजे लग्न झालेलं आहे, पण बोलणं बंद आहे, असंच ना?"

तो लाजला. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज जरा मोठा आला, पण मी त्याचा संबंध लावला नाही.

मग त्यानं मोबाइलचं ब्लूटूथ बंद केलं, लॅपटॉपच्या यादीतून बोंडांचं नाव पुसून टाकलं आणि डबीवरचं बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकायला लागल्यावर 'नवीन उपकरण जोडा' असं सांगून त्यानं ओळख पहिल्यापासून करून दिली. आवाज कुठून काढायचा त्या यादीतही बोंडांचं नाव निवडलं. आणि काय सांगू! बुवा थेट माझ्या मेंदूच्या मधोमध बैठक मारून गाऊ लागले.

मी तसा चौकस माणूस. या जोडणीला निळा दात का म्हणतात, म्हणून वाचत बसलो. दहाव्या शतकात हॅराल्ड नावाचा डेन्मार्कचा एक राजा होऊन गेला, त्याचं टोपणनाव 'निळा दात'. त्यानं डेन लोकांना एकत्र आणलं, नॉर्वेचा काही भागही जोडला. १९९७ साली इंटेलच्या जिम कार्डाक यांना या नव्या जोडणीसाठी तेच नाव सुचलं आणि ते तात्पुरतं नाव कायमचं चिकटलं. चिन्हसुद्धा त्या राजाच्या आद्याक्षरांचं, जुन्या रूनी लिपीतलं. या जोडणीचे आवाज एकोणऐंशी वाटांवरून सेकंदाला सोळाशे उड्या मारत येतात, म्हणजे वाटेत दुसऱ्या कुणाच्या लहरी आडव्या आल्या तरी संभाषण तुटत नाही. हे सगळं मी हिला सांगायला गेलो. ती म्हणाली, "राजानं दोन मुलूख जोडले ते ठीक. तुमचं काय जोडलं गेलं?"

तिचा प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचला, कारण तेव्हा बोंडं डबीत होती.

पुढचे काही दिवस स्वर्गसुखाचे गेले. फक्त एक कुरबुर झाली. पुण्याच्या चिरंजीवांशी लॅपटॉपवरून बोलताना त्याचा आवाज एकदम विहिरीतून आल्यासारखा यायला लागला. एरवी बुवांची हरकत न् हरकत स्पष्ट ऐकवणारी बोंडं अशी का बिघडली? पुन्हा शेजारचा मुलगा. तो म्हणाला, "बिघडली नाहीत काका. नुसतं ऐकायचं असलं की ती सगळी वाट ऐकण्याला देतात. तुम्ही बोलायला लागलात, म्हणजे माइक चालू झाला, की तीच वाट दोघांत वाटून घ्यावी लागते. मग ऐकण्याचा दर्जा उतरतो."

"यावर उपाय?"

"बोलायला लॅपटॉपचा माइक वापरा. बोंडं फक्त ऐकण्यासाठी ठेवा."

मी तसं केलं. त्या वेळी मला ही नुसती तांत्रिक सूचना वाटली.

मग तो मंगळवार उजाडला. आमच्याकडे नळ आपल्या मर्जीनं येतो आणि तो आला की घरातल्या प्रत्येकानं हातातलं काम टाकून धावायचं, हा मराठवाड्याचा अलिखित कायदा. हिनं आतून तीनदा हाका मारल्या म्हणे. मी बुवांच्या द्रुत लयीत होतो. नळ आला, हिच्या दोन हातांना झेपलं तेवढं पाणी भरून घेतलं आणि नळ गेला. ही दारात येऊन उभी राहिली. मी घाईघाईनं बोंडं काढली आणि नेहमीच्या नवऱ्यासारखा आधी तिच्यावरच डाफरलो, "जरा मोठ्यानं हाक मारायची!"

ती चिडली नाही, आणि तीच गोष्ट मला खटकली. ती सावकाश म्हणाली, "मोठ्यानंच मारली असेल. मला आपला आवाज किती मोठा निघतो ते कळत नाही. उजव्या कानानं ऐकू येत नाही म्हणून सांगतेय ना चार दिवस."

"मला कधी सांगितलंस?"

"शुक्रवारी. शनिवारी. काल रात्रीसुद्धा. तुम्ही मान हलवलीत."

मान मी हलवली असणार, त्यात शंका नाही. पण ती तबल्याच्या समेवर.

त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तिला एका बंद खोलीत बसवून, शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं, अशी तपासणी झाली. डॉक्टरांनी कागदावरची उतरती रेघ पाहून पहिला प्रश्न विचारला, "केव्हापासून?" ऐकणं असं अचानक कमी झालं तर पहिल्या काही दिवसांत सुरू केलेल्या औषधाचा उपयोग जास्त, असं त्यांनी सांगितलं. चार दिवस म्हणजे तसे वेळेत आलात, असंही म्हणाले. माणूस सज्जन होता. औषधानं बरंच ऐकू यायला लागलं, सगळं नाही. शुक्रवारीच गेलो असतो तर उरलेलंही परत आलं असतं का? मी विचारलं. ते म्हणाले, हे कुणीच सांगू शकणार नाही. तेव्हापासून तो प्रश्न माझ्याकडेच आहे, आणि त्याला परत करायला दुकान नाही.

मी स्वतःच्या बाजूनं पुष्कळ वकिली करून पाहिली. माणसाला स्वतःच्या कानांवर हक्क नाही का? गल्लीनं वर्षानुवर्षं माझ्या कानांत जे ओतलं, त्याला मी कधी संमती दिली होती? मग उतारवयात दोन तास कान मिटून बसलो तर कुणाचं काय घेतलं? हा युक्तिवाद भंगारवाल्यापुरता अजूनही बिनतोड आहे. पण बोंडाला भंगारवाल्याची हाक आणि बायकोची हाक यांतला फरक कळत नाही. तो कळण्याची जबाबदारी बोंडाच्या मालकाची असते.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड. बोंडं यायच्या आधी तरी मी ऐकत होतो का? कान उघडे होते, एवढंच. त्यांना झाकण नव्हतं यात माझं कर्तृत्व काय? समर्थ रामदास आमच्याच जिल्ह्यातल्या जांबचे, १६०८ सालचा जन्म. दासबोधाच्या चौथ्या दशकात त्यांनी नवविधा भक्ती सांगितली, तिच्यात पहिला समास श्रवणाचा आणि दुसरा कीर्तनाचा. कान तर प्रत्येकाचे उघडेच असतात, मग ऐकायला भक्तीत पहिला मान कशाला, असं मला शाळेत असताना वाटे. आता वाटतं, उघडा कान ही देवाची करणी; ऐकणं ही माणसाची. आणि माइक चालू झाला की ऐकण्याचा दर्जा उतरतो, हे शेजारच्या पोरानं सांगण्याआधीही घरोघरी खरंच होतं. मी एकेक गोष्ट सांगायला तोंड उघडायचो, तेव्हा हिची वाट अरुंद होत होती.

आता हिच्या उजव्या कानामागे एक छोटं यंत्र आहे. गंमत अशी की तेही ब्लूटूथवालंच. त्याची जोडणी या खेपेला मी स्वतः केली, बटण दाबून, दिवा लुकलुकवून, कुणाला न बोलावता. तिला बहिणीचा फोन आता थेट कानात येतो. त्या यंत्राला आवाज कमी करायचंही बटण आहे. परवा मी हॅराल्ड राजाची कथा पाहुण्यांना सांगत होतो. तिचा हात सहज कानामागे गेला.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "बंद केलंस ना मघाशी?"

"नाही," ती म्हणाली, "वाढवलं. पाहुणे काय म्हणतात ते ऐकायचं होतं."

म्हणजे देवानं न दिलेली पापणी आता आमच्या घरात दोघांनाही आहे. ती मिटता येत असताना उघडी ठेवायची, हे मात्र कुठल्याही यादीत जाऊन निवडता येत नाही. ते रोज नव्यानं करावं लागतं. बोंडं मी टाकून दिलेली नाहीत. अजून ऐकतो. फक्त एकच घालतो, डाव्या कानात. बुवा अर्धेच ऐकू येतात. उजवा कान नळासाठी मोकळा ठेवला आहे, असं मी सगळ्यांना सांगतो.