पोसणारा कोण?

परक्याच्या आधारानें जगणाऱ्यास आपण सहज 'बांडगूळ' म्हणतों. आमच्या घरीं राहणाऱ्या दूरच्या आत्याबाईंस मीही तसेंच मानीत असें. परंतु हिशेब इतका सरळ असतो काय? कॅरिबियन समुद्रकांठीं, बेलीझ देशांत, तांबड्या कांदळाच्या पाण्यांत लोंबणाऱ्या मुळांवर नानाजातींचे रंगीबेरंगी स्पंज वस्ती करितात. ते फुकटे भासतात. पण १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें, कीं स्पंज बसविलेलीं मुळें उघड्या मुळांहून दोन ते चार पट वेगानें वाढतात. झाडाचीं तंतुमुळें स्पंजांत शिरून नत्र घेतात व त्यांस कर्ब देतात. शिवाय मुळें पोखरणाऱ्या किड्यांस स्पंज अटकाव करितात. यावरून निसर्ग नीति शिकवितो असें नव्हे, बांडगुळेंही खरींच. मात्र 'मी पोसतों' म्हणण्यापूर्वीं पाण्याखालचा जमाखर्च पाहावा. आत्याबाईंचा मीं पाहिला, तो त्या गेल्यावर.