राणीच्या बागेंतील परदेशी झाडें



मागल्या सालीं रोवणीच्या दिवसांत करडीचा एक तरुण मजकडे आला व म्हणाला, "पाळकसाहेब, ओट्यावरचे लोक मला परक्या धर्माचा म्हणतात. शेजाऱ्याकडे बैलजोडी मागावयासही आतां लाज वाटते. काय उत्तर द्यावें?" त्या वेळीं मला कांहींच सुचलें नाहीं.

पुढें मुंबईस जाणें झालें, तेव्हां भायखळ्याच्या राणीच्या बागेंत एक प्रहर घालविला. ही बाग १८६२ सालीं लोकांस खुली झाली. आतां तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. बहुतेक लोक जनावरें पाहण्यास धांवतात. मी झाडांवरील पाट्या वाचीत फिरलों, व त्या नादांत छत्री दोनदां विसरलों.

तेथें गोरखचिंच आहे. तिचें खोड रांजणासारखें फुगलेलें. त्यांत पाणी सांठवून ती कोरड्या देशांत तग धरिते. मूळची आफ्रिकेची, पण आमच्या लोकांनीं तिला गोरखनाथाचें नांव दिलें. कैलासपतीचें झाड दक्षिण अमेरिकेंतलें. त्याचीं फुलें थेट खोडावर येतात व फळें तोफेच्या गोळ्यांएवढीं असतात. उर्वशी ब्रह्मदेशांतून आली. ह्यांपैकीं कोणासही आज कोणी परकें म्हणत नाहीं.

मला उत्तर सांपडलें असें वाटून मी आनंदानें बांकावर बसलों. परंतु लगेच घाणेरी आठवली, आणि तो आनंद ओसरला. तीही अमेरिकेंतून शोभेसाठींच ह्या देशीं आणिली गेली. आज तिनें रानेंच्या रानें व्यापिलीं आहेत. तिच्याखालीं गवत वाढत नाहीं, आणि तिचा पाला खाऊन गुरें आजारी पडतात. तेव्हां बाहेरून येणें हा जसा दोष नव्हे, तसा तो गुणही नव्हे. प्रभूनेंही झाडाची पारख फळावरून करावयास शिकविलें, त्याच्या मूळ गांवावरून नव्हे. आपण शेजाऱ्यास सांवली देतों कीं त्याचें गवत मारितों, हें आपल्या मंडळ्यांनीं मोकळ्या मनानें स्वतःस विचारावें. मला स्वतःस तो प्रश्न सुखाचा वाटला नाहीं.

परत आल्यावर मी त्या तरुणास घेऊन ओट्यावर गेलों. तीच माणसें चिंचेखालीं बसलीं होतीं. चिंचही मूळची आफ्रिकेचीच, हें मीं सांगितलें, तेव्हां एक वृद्ध गृहस्थ हंसून म्हणाले, "हे तर आमच्या आजानं लावली." मग थोडें सरकून त्यांनीं आम्हां दोघांस जागा दिली.

यंदा त्यांच्या घरीं माणसें कमी पडलीं. न बोलावितां हा तरुण गेला, आणि तीन दिवस त्यांच्या बांधींत गुडघाभर चिखलांत रोवणी करीत होता.